कपाशीच्या तासात बसून कलम 14

आज उघाड होती म्हणून बायका निंदणाला निघाल्या, मी पण सोबत गेले. इंग्लंडमध्ये मानवी हक्कांचं एमए करतेय, त्याच्या डिझर्टेशनसाठी यंदा पावसाळाभर गावीच आहे. विषय आहे शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायका आणि त्यांच्या नावावर नसलेलं वावर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या विषयासाठी लांब जावं लागत नाही.

कोर्सचं नाव ऐकलं की लोकांना जिनिव्हा, परिषदा, भाषणं असंच वाटतं. तेही आहे. पण मला सगळ्यात जास्त मिळालं ते मुलाखतीच्या वर्गात, म्हणजे समोरच्याची संमती खरी आहे का, आपण लिहिल्यामुळे उद्या त्यालाच त्रास होईल का, आणि मधेच तो नको म्हणाला तर सगळं खोडून टाकायची तयारी आहे का. इथे घरी जाऊन विचारलं तर खाटेवर सासरा, दारात सासू, मग बाई काय म्हणणार, सारं बरं हाय. मी ती संमती धरतच नाही. वावरात निंदताना मात्र बोलणं आपोआप सुटतं.

आज एक काकू बोलल्या (नाव लिहीत नाही). बोंडअळीच्या साली, 2017 ला, नवरा गेला. सरकारची एक लाखाची मदत असते, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, पण कर्ज सोयऱ्यांचं आणि कृषी केंद्राची उधारी, बँकेचं काहीच नाही, म्हणून केस अपात्र झाली. तेव्हापासून पेरणी, डवरणीला माणूस पाहणं, वेचणी, सगळं काकूच करतात, सातबारा मात्र सासऱ्याच्या नावावर. सासरा जिवंत आहे म्हणून वारस नोंद होत नाही, वाटणी करायची तर तहसीलला जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 चा अर्ज आणि सगळ्या हिस्सेदारांची संमती पाहिजे, आणि दीर काही मानत नाही. नाव नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे 6000 पण सासऱ्याच्याच खात्यात. राबते ती, पण कागदावर ती शेतकरीच नाही!

आणि हे एकट्या काकूंचं नाही. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 बायकांचा सर्व्हे केला होता, त्यात 40 टक्के बायकांना जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता.

मी त्यांना संयुक्त राष्ट्रांचा सीडॉ करार सांगितला. बायकांवरचा भेदभाव थांबवायचा हा करार 1979 चा, भारताने तो 1993 ला मान्य केला, आणि त्यातलं कलम 14 फक्त गावातल्या बायकांसाठी आहे, शेतीचं कर्ज, जमीन सुधारणेत बरोबरीची वागणूक, सगळं त्यात आहे. काकूंनी खुरपं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग तिथं माह्या नावानं तक्रार टाकता येते का?"

नाही येत. एकट्या बाईने तक्रार करायची सोय 1999 च्या वेगळ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे जोडकरारात आहे आणि भारत त्यात गेलाच नाही. संस्था समांतर अहवाल, म्हणजे सरकारच्या अहवालासोबत आपला वेगळा अहवाल, पाठवू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत देशाचा आढावा होतो तिथेही एका संस्थेला 2815 शब्द मिळतात, त्यात काकूंच्या वाट्याला फार तर एक ओळ येईल. मी हे सगळं खरं तेच सांगितलं.

"तू सारं लिहून नेशीन, मंग मले काय भेटन?"

मला वाटतं या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याने रेकॉर्डर सुरूच करू नये. म्हणून मी विधी सेवा प्राधिकरणाचं सांगितलं. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि दीर मानत नसेल तर वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात टाकता येतो. सोमवारी आम्ही दोघी यवतमाळला जातोय. सातबारा, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड पिशवीत घालून ठेवायला सांगितलंय. दिराला आत्ताच कळू द्यायचं नाही हे काकूंनीच ठरवलं.

रात्री गाइड मॅडमशी बोलणं झालं. त्यांनी विचारलं, याने तुझं संशोधन बदलणार नाही का. बदलेल, आणि काय बदललं ते पद्धतीच्या चॅप्टरमध्ये मी स्पष्ट लिहीन, असं सांगितलं. मुलाखत वापरायची की नाही ते मात्र काकू वकिलाला भेटून आल्यावर पुन्हा विचारणार आहे, कारण आता कोर्टाचं प्रकरण झालं तर आजची संमती पुरायची नाही.