नातीच्या पहिल्या वर्षाचं पांघरूण आणि उन्हाळ्यातली केशरी लोकर

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला क्रोशाचं पांघरूण दिलं. रोज एक ओळ, त्या दिवसाच्या पुण्यातल्या कमाल तापमानाच्या रंगात. तिचं पहिलं वर्ष अख्खं त्यात विणलेलं आहे. बघणारी प्रत्येक जण ‘मलाही करायचंय’ म्हणते, म्हणून हे लिहिते आहे. शिवाय त्या लोकरवाल्यावरचा राग अजून उतरलेला नाही, तेही सांगायचं आहे.

विणायला काहीच अवघड नाही. साखळी घालायची आणि वर मुके खांब, म्हणजे क्रोशातले बुटके टाके. पूर्ण खांब घेऊ नका. मुक्या खांबाची ओळ जेमतेम अर्धा सेंटीमीटर उंच होते, म्हणजे ३६५ ओळींचे सहा फूट. खांब घेतलेत तर लांबी दुपटीच्याही पुढे जाईल.

रंगांचे टप्पे मात्र आपले आपणच ठरवा. परदेशी नमुन्यांत ते थेट शून्याच्या खालपासून असतात आणि एकेक टप्पा मोठा असतो. पुण्याचं कमाल तापमान वर्षभर साधारण पंचविशी ते चाळिशीत फिरतं, तिथे पाच-पाच अंशांचे टप्पे घेतले तर तीन-चार रंगांतच वर्ष संपेल. मी दोन-दोन अंशांवर नऊ रंग लावले. २६ च्या खाली गर्द निळा, ४० च्या वर मरून, ३६ ते ३८ ला केशरी.

या केशरीनेच माझा जीव काढला.

नात जानेवारीअखेरची. घरी एक ओळ विणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, तीन फुटी ओळीला दोन ग्रॅम लोकर लागली. तो हिशोब घेऊन पेठेतल्या दुकानात गेले आणि केशरीचे सगळे गुंडे मागितले. दुकानदाराने अर्धेच दिले. “बाकीचे कधीही न्या काकू, हा रंग बारा महिने असतो.”

मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात केशरी दिवसांची रांगच लागते. लोकर संपत आली तशी गेले, तर फळीवर लोकरीच्या जागी सुती चादरी. “उन्हाळ्यात लोकर कोण नेतं? माल वर टाकलाय.” काढून द्या म्हटलं, तर पोरगा गावाला गेलाय, सोमवारी या. सोमवारी गेले, तर लुधियानाहून नवा माल यायचाय. मग ‘परवा’. मग फोन उचलणंच बंद.

एकदा त्याने दुसराच केशरी पुढे केला, “हाच तो.” मी माझ्या गुंड्याची पट्टी जपून ठेवली होती, ती शेजारी धरली. रंगाचा क्रमांक तोच, पण लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, वेगळा. दारात उजेडाला नेलं तर माझा शेंदराकडे झुकणारा आणि त्याचा विटेसारखा. “धुतल्यावर एक होतो,” म्हणाला. होत नाही. मी घेतला नाही, आणि त्याबद्दल मला आजही बरं वाटतं.

या सगळ्यात आकडे वहीत चढत होते आणि सुई थांबलेली. त्याच दिवसांत नात पहिल्यांदा पालथी पडली. ३७ अंशांचा दिवस होता. तिच्या नव्या करामतीच्या दिवशी मी ओळीच्या मधोमध एक फुगीर टाका घालत असे, आणि नेमकी तीच ओळ विणता येत नव्हती. फार जिवाला लागलं.

शेवटी एका संध्याकाळी गल्ल्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांना पट्टी दाखवली. त्यांनी शिडी लावली, पोटमाळ्यावरची पेटी उघडली आणि दहा मिनिटांत माझ्याच लॉटचे गुंडे खाली आले. मी महिनाभर ज्या गल्ल्यापाशी उभी राहत होते, त्याच्या बरोबर वर होते ते! रोज दोन-तीन ओळी घालून राहिलेलं सगळं भरून काढलं. पालथी पडल्याची ओळ सगळ्यांत आधी.

तेव्हा लोकर थंडीतच, सगळ्या रंगांची, एकाच लॉटची घ्या. न फोडलेले गुंडे परत घेणार का, हे आधी विचारा. घेणारे दुकानदार असतात. लॉट वेगळा घ्यावाच लागला तर एक ओळ जुन्याची, एक नव्याची अशी घाला, फरक विरून जातो.

तापमान मोबाइलवरून घेऊ नका, तिथे बहुतेकदा अंदाज असतो. एकाच वेधशाळेचा नोंदलेला आकडा वर्षभर धरा. लोहगाव आणि पाषाणचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. मी शिवाजीनगरचा धरला, म्हणजे आपलं सिमला ऑफिस. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं, तेव्हापासूनचं हे नाव.

आणि हो, रंग बदलला की लोंबणारी टोकं त्याच दिवशी आत ओवा. साठवलीत तर शेवटी शेकड्यांनी निघतील.

पांघरूण पूर्ण उलगडल्यावर एक गंमत दिसते. ऑगस्ट डिसेंबरपेक्षा निळा आहे! ढगांमुळे आपल्याकडे पावसाळ्यातले दिवस हिवाळ्यातल्या दिवसांपेक्षा थंड असतात. थंडीचा कडाका दिसतो तो किमान तापमानात. धाकट्या सुनेला फेब्रुवारीत दिवस भरताहेत. त्या बाळाचं पांघरूण किमान तापमानाचं करणार आहे. लोकर दिवाळीनंतर लगेच आणली, दुसऱ्या दुकानातून, सगळीच्या सगळी.