कुत्र्यांच्या दंगलीतून उभी राहिलेली मुंबईची पांजरापोळ

भुलेश्वरची पांजरापोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, म्हटली की बहुतेक मुंबईकरांना गाई आठवतात. सणावाराला तिथे गाईला चारा घालण्यासाठी गर्दी होते, आणि घासाची पेंढी विकत घेऊन आत जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की या संस्थेच्या जन्माला गाई नव्हे, तर रस्त्यावरची भटकी कुत्री कारणीभूत झाली.

भटकी कुत्री मारण्याची मोहीम कंपनी सरकार मुंबईत दरवर्षी ठरावीक काळात राबवीत असे. 1832 साली ती मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असल्याने शिपायांचा उत्साह इतका वाढला की लोकांच्या आवारात शिरूनही कुत्री पकडली जाऊ लागली. पारशी समाजात प्रेतावर कुत्र्याची नजर पाडण्याचा सगदीद हा विधी असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा केवळ दयेचा प्रश्न नव्हता. 6 जूनला कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पारशांनी शिपायांवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात उतरले आणि कुलाब्याच्या लष्कराची रसद अडवली गेली. अखेर सैन्य बोलावून दंगल मोडण्यात आली. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती रसदेची गोष्ट, कारण शहराचा रोजचा व्यवहार कोणाच्या हातात आहे हे व्यापाऱ्यांनी त्या एका दिवसात सरकारला दाखवून दिले.

कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन ठेवावीत, असा तोडगा पुढे आला; पण त्यांना सांभाळणार कोण आणि खर्च कोणी करायचा, हे प्रश्न उरलेच. 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याच्या जैन मंदिराचे मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली. एक पारशी, दुसरा जैन, आणि दोघेही चीनशी चालणाऱ्या व्यापारात मुरलेले. संस्था केवळ देणग्यांवर अवलंबून राहू नये म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर स्वेच्छेने लागा, म्हणजे धर्मादायासाठीची पट्टी, बसवला. जमशेटजींची संपत्ती कापसाइतकीच अफूतूनही आली होती, हे लक्षात घेतले तर या जीवदयेचा हिशेब जरा गुंतागुंतीचा होतो. तरीही दानशूराच्या लहरीपेक्षा व्यापाराच्या वहीत टिपलेला लागा अधिक भरवशाचा, ही त्यांची व्यवहारबुद्धी मला आजच्या अनेक संस्थांपेक्षा शहाणी वाटते.

पांजरापोळीचा मूळ नियम साधा असतो: आलेला जीव म्हातारा, लंगडा किंवा आजारी असला तरी त्याला नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळायचे. असाध्य दुखणे असलेल्या जनावराला मारून वेदनेतून सोडवावे, असे मानणाऱ्या इंग्रजांना हे पटत नसे आणि त्यांनी अशा संस्थांवर बरीच टीकाही केली. ती सगळीच अनाठायी नव्हती, कारण आसरा देणे वेगळे आणि उपचार करणे वेगळे. 1874 मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी वेगळी संस्था निघाली. तिच्यामागेही सर दिनशा माणेकजी पेटिट हे पारशी शेटजीच होते. त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय परळला उभे राहिले आणि त्याच्याच जोडीने 1886 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परळला पाय मोडलेल्या बैलावर उपचार होत, तर भुलेश्वरला त्याच्या म्हातारपणाची सोय होई. शहराला दोहोंचीही गरज होती.

पुढे पांजरापोळीची ओळख प्रामुख्याने गोशाळा म्हणून राहिली आणि कुत्र्यांचा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला. 2001 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना जिथून पकडले तिथेच परत सोडायचे, असे ठरले. 1832 च्या तोडग्यात मात्र त्यांना शहराबाहेर धाडायचे ठरले होते.