अत्री

गेल्या आठवड्यात गच्चीवर छोटीनं सप्तर्षी मोजले आणि म्हणाली, "आत्या, सहाच आहेत."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. "सात आहेत गं, नीट बघ, चौकोनाला शेपूट जोडलंय ना, तिथं अत्री," असं मी तिला सांगितलं. बोटसुद्धा अचूक त्या जागी नेलं. मग माझीच नजर बोटाच्या टोकाशी गेली, तर तिथं काही नव्हतं. चष्मा पुसला, थोडं बाजूला बघून नजरेच्या कडेनं पकडता येतो का पाहिलं. क्रतू, पुलह, पुलस्त्य जागेवर. अंगिरा, वसिष्ठ, मरीची जागेवर. मधली जागा मोकळी. छोटी तोवर खाली निघून गेली होती.

पहिल्यांदा डोळ्यांचाच विचार आला. यंदा एवढं सगळं झाल्यावर आता हेही बाकी होतं, असं वाटलं आणि टाकीशेजारी बसून पुष्कळ रडले. आप्पांना शेवटी शेवटी समोरचं माणूस ओळखू येत नव्हतं, पण वसिष्ठाकडे हात मात्र बरोबर जायचा. ते आठवलं आणि… जाऊ दे. डोळे दाखवून आले. नंबर तोच आहे, मोतीबिंदू अजून नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. डोळे शाबूत आहेत, तर अत्री गेला कुठं?

बाकीचे सहा दुसऱ्या प्रतीच्या जवळपासचे आहेत. अत्री एकटा मंद, 3.3 प्रतीचा. प्रत एकानं वाढली की तेज अडीचपट कमी होतं. म्हणजे आकाश उजळायला लागलं की त्या सातांत सगळ्यांत आधी तोच बुडणार, हे उघड आहे. अरुंधती तर चौथ्या प्रतीची. ती त्याच्याही आधी गेली असणार आणि मला पत्ता नाही. हे मला जास्त लागलंय. वहिनीच्या लग्नात आप्पांनी तिला रात्री याच गच्चीवर आणून खरीखुरी अरुंधती दाखवली होती. वहिनीला अजून आठवतं. अलीकडच्या लग्नांत कार्यालयाच्या दारात गुरुजी वर हात करतात, मुलगी मान हलवते आणि सगळे जेवायला वळतात.

पण तो कधी गेला? मागच्या उन्हाळ्यात होता का? मी रोज झोपायच्या आधी वर जाणारी बाई. सहा ठिपके दिसले की सातवा माझा मीच भरत होते आणि सात पाहिल्याच्या समाधानात खाली येत होते. छोटीला आठवण नाही, म्हणून तिला सहा दिसले.

घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असल्यामुळं आम्हाला उत्तरेचं आकाश सगळं साताऱ्यावरून बघावं लागतं. पूर्वी खांबांवर सोडियमचे पिवळे दिवे होते. तेव्हाही आकाश काही काळंभोर नव्हतं, पण अत्री होता. आता दिवे पांढरे आलेत. वीज कमी लागते हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. मात्र त्या पांढऱ्यात निळा भाग बराच असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्याचमुळं. त्यात चैत्रातली धूळ आणि डोंगरांवरच्या वणव्यांचा धूर, म्हणजे प्रकाशाला अडकायला भरपूर जागा. वर समोरच्या नव्या इमारतीचा तो फ्लडलाइट. पार्किंगसाठी लावलाय म्हणतात, पण त्याचं तोंड आमच्या गच्चीकडे आहे.

शनिवारी हट्टानं सगळ्यांना गाडीत घालून कासच्या पुढे नेलं, बामणोलीच्या रस्त्याला. अमावास्या जवळ होती. यवतेश्वरचा घाट चढताना हॉटेलांच्या दिव्यांच्या माळा मागं मागं राहत होत्या आणि माझा जीव खालीवर होत होता. तिथंही नाही दिसला तर? गाडीचे दिवे बंद केले, मोबाइल पिशवीत टाकायला लावले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण तेवढंही थांबावं लागलं नाही. अत्री पहिल्या नजरेत दिसला. वसिष्ठाला खेटून अरुंधतीही. पुष्य नक्षत्रातला तो धुरकट पुंजका मी किती वर्षांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला, सांगता येत नाही. वहिनी काही बोलली नाही, माझा दंड घट्ट धरून उभी होती.

छोटीला मात्र सप्तर्षी सापडेनात. "एवढ्या गर्दीत कुठले ते?" म्हणून रडकुंडीला आली. तिला गच्चीवरच्या सहांची सवय, इथं हजारोंमध्ये ते हरवले होते. मी पुन्हा बोट धरून एकेक दाखवत गेले, सातव्यापर्यंत. ती "हं" म्हणाली. त्या "हं" मध्ये मला हवं होतं ते नव्हतं. मला काय हवं होतं तेही नीट सांगता येणार नाही.

मध्यरात्रीनंतर वृश्चिक चांगला वर आला. परत निघताना पूर्वेकडे डोंगराच्या धारेमागं साताऱ्याचा उजेड दिसत होता, घुमटासारखा. आपण त्याच्या आत राहतो.

अत्री साधारण 80 प्रकाशवर्षं लांब आहे. आज पोचतोय तो प्रकाश निघाला तेव्हा आप्पा शाळेत जात होते. एवढं अंतर तोडून आलेला उजेड आमच्या पेठेवरच्या शेवटच्या काही मैलांत हरतो, याचं दुःख कुणाला सांगावं?

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. 2011 ते 2022 या काळात जगभरच्या साध्या हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे पाहून ज्या नोंदी पाठवल्या, त्यांवरून आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतोय असं निघालं. म्हणजे आठ वर्षांच्या आतच दुप्पट. नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. आपल्याकडच्या फार थोड्या, कारण आपल्याकडे कोण मोजून ठेवतंय? मीसुद्धा नाही ठेवलं. पण "कधी गेला" याचं उत्तर मला त्या आकड्यात मिळालं. अशी कुठली एक रात्र नव्हतीच. दरवर्षी थोडा थोडा गेला, म्हणून कळलं नाही. हे वाचल्यावर जरा शांत वाटलं, का कोण जाणे.

लडाखात हानलेला 2022 मध्ये अंधार राखून ठेवला. 2024 मध्ये आपल्या पेंचला डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, देशातला पहिला. मनापासून आनंद झाला. वाघासाठी जंगल राखतात तसा अंधारही राखायला हवा, हे कुणाला तरी पटलं. पण पेंच इथून राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मला रोज झोपायच्या आधी सात मोजायचे आहेत.

काल समोरच्या वॉचमनशी बोलले. गल्लीतला दिवा घालवा असं माझं म्हणणं नाहीच. रात्रपाळीहून येणाऱ्या पोरी त्या उजेडामुळं निर्धास्त येतात. तो आकाशाकडे आणि आमच्या खिडक्यांत न जाता जमिनीवर पडावा, एवढंच. तो म्हणाला, "ताई, मलाबी त्यो डोळ्यावरच येतोय. गेटाजवळ कोण आलं ते दिसत न्हाई." म्हणजे ज्याच्यासाठी लावला त्यालाही त्याचा त्रासच. रविवारी त्यांची मीटिंग आहे, तिथं जाऊन सांगा म्हणाला.

एका दिव्यानं काय होणार, ते मला कळतं. शहराचा उजेड तसाच राहणार. अरुंधती गच्चीवरून आता दिसणार नाही, हे मी मनाला समजावलंय. तिच्यासाठी बामणोलीचा रस्ता आहे. पण वळवाचा मोठा पाऊस पडून गेला की हवा धुऊन निघते. तो झोत डोळ्यांत येत नसेल तर अशा रात्री अत्री दिसेल, असा माझा अंदाज आहे. तोवर छोटी पुण्याला गेलेली असेल.

रविवारी काय बोलायचं ते लिहून काढलं. दिवा खाली वळवा, वर पत्र्याची टोपी बसवा, जमलं तर पांढरा काढून पिवळसर लावा, बारानंतर निम्मे बंद ठेवा. वहिनीनं वाचलं आणि म्हणाली, "ताई, एवढं एकदम मागितलंत तर ते एकही करणार नाहीत. आधी नुसता वळवून घ्या." बरोबर आहे तिचं. बाकीच्या ओळी खोडल्या. ती पण येणार आहे बरोबर.