मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट सरळ पश्चिमेकडे जात नाही; ती वायव्येला वळून नॉर्वे आणि आइसलँडपर्यंत वर चढते आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली उतरते. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचे आकाश बंद झाल्यामुळे आमच्या विमानाने आधी अरबी समुद्रावरून वळसा घेतला, तेव्हाच हा प्रवास लांबणार हे स्पष्ट झाले होते.

जानेवारी महिना होता आणि विमान मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटले. माझ्या शेजारी लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या साताऱ्याच्या एक काकू होत्या. त्यांची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी चहानंतर घ्यायची असे. त्यांच्या मनगटावरील घड्याळात सकाळचे आठ वाजले तेव्हा त्यांनी खिडकीचा पडदा वर केला. बाहेर मिट्ट काळोख होता. "ताई, आठ वाजले, मग उजाडत का नाही?" असे त्यांनी विचारले. विमान सूर्याच्या पुढे पश्चिमेकडे पळत होते, शिवाय हिवाळ्यात त्या उत्तरेकडच्या भागात सूर्य फार उशिरा उगवतो, हे मी त्यांना समजावले. ते त्यांना पटले, परंतु गोळीचा प्रश्न तसाच राहिला. शेवटी हवाई सुंदरीने चहा आणून दिला आणि काकूंनी सातारच्या वेळेनुसार गोळी घेतली. दहा वाजता पडदा वर झाला, बारा वाजता पुन्हा झाला, आणि बाहेर अंधारच होता. न्यूयॉर्कला स्थानिक वेळेनुसार सकाळी सात वाजता उतरलो, तेव्हा कुठे पूर्वेला फटफटू लागले होते. मुंबईतील सूर्यास्तापासून मोजले तर ती रात्र जवळजवळ साडेतेवीस तासांची झाली. अशा विमानात "रात्रभर झोपून घ्या" असा सल्ला देणाऱ्यांनी कोणती रात्र तेही सांगायला हवे.

न्यू जर्सीतील दिवस नातेवाइकांकडच्या जेवणावळींत आणि बर्फ उपसण्यात गेले.

परतीचे विमान दुपारी निघाले आणि चौदा तासांत मुंबईला पोहोचले. अटलांटिकवर सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. जाताना समोरच्या पडद्यावर जमिनीसापेक्ष वेग ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास रेंगाळत होता. येताना तोच आकडा अकराशेच्या वर गेला. दोन्ही वेळा विमानाचा हवेतील वेग साधारण सारखाच होता, फरक वाऱ्याचा होता. या वेळी दिवस इतका आखूड झाला की जेवणाचा ट्रे उचलला जाईपर्यंत सूर्य मावळला.

थेट विमान सर्वांत सोयीचे, असे सर्रास सांगितले जाते. माझे मत असे की येताना ते खरोखरच सोयीचे आहे, परंतु वाऱ्याच्या विरुद्ध जाताना गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोळा तास मधल्या आसनावर बसवणे हा छळ आहे. पुढच्या वेळी आईला नेताना मी जातानाचे तिकीट दुबईवरून काढणार आहे; तेथे तीन तास मोडले तरी चालतील, निदान तिला पाय मोकळे करता येतील.