जोडीला गोऱ्हा होता

मंचरजवळच्या एका वाडीतली कालवड. संकरित होल्स्टीन, अडीच वर्षांची, अंगानं भरलेली, पण माजावर येईना. चांगल्या पोसलेल्या संकरित कालवडी दीड वर्षाच्या आसपास माज दाखवतात. हिला आधी जंताचं औषध झालं होतं, मग क्षारमिश्रण, मग हार्मोनची तीन इंजेक्शनं. हात घालून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. याचा मला अजून संताप येतो. गर्भाशय आहे की नाही हेच न बघता सुई टोचायची आणि पैसे शेतकऱ्यानं मोजायचे!

हातमोजा चढवला, शेण काढलं. कटीच्या तळाशी आधी हाताला लागतं ते गर्भाशयाचं मुख, टणक नळीसारखं. ते धरून पुढे सरकलं की गर्भाशयाची दोन शिंगं आणि त्यांच्या टोकांशी बीजांडं सापडतात. इथे मुखच नव्हतं. सुतळीसारखं काहीतरी बोटांखालून निसटलं, तेवढंच. योनीत घातलेली नळी थोडी आत जाऊन अडली. योनिद्वाराशी केसांचा लांब झुबका.

"आजी, ही जुळ्यातली का?"

"हो की. जोडीला गोऱ्हा होता. वार अडकली म्हणून तुम्हीच नव्हतं का आला?"

मीच आलो होतो. दोन्ही वासरं समोर पेंढ्यावर बसलेली. "जोडी झाली, नशीबवान आहात," असंही म्हणालो होतो.

अशा नर-मादी जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या पोटातच एकमेकींना जुळतात. नराकडची संप्रेरकं मादीत उतरतात आणि तिची जननेंद्रियं नीट वाढत नाहीत. गोऱ्ह्याच्या जोडीनं जन्मलेल्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त कालवडी वांझ निघतात. लहानपणीच वंगण लावलेल्या बोथट नळीनं पाहता येतं. निरोगी वासरात ती साधारण 12 ते 15 सेंटीमीटर आत जाते, अशा वासरात जेमतेम निम्मी. दोन मिनिटांचं काम.

आजींनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. फी मी नको म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "तुमचं काय चुकलं त्यात?" आणि नोटा खिशात कोंबल्या.

घरी येऊन तेव्हाची डायरी काढली. अडकलेली वार, औषधं, फी, सगळं लिहिलंय. वासरांबद्दल एक अक्षर नाही. आजोबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.