नान्नजच्या माळावर: कशाला घाबरायचं, कशाला नाही

पहिला पाऊस होऊन गेला की नान्नजला जाच. सोलापुरातून बार्शी रोडनं विसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, काळवीट मात्र मन भरून बघायला मिळतात. आम्ही सकाळी ते केलं आणि संध्याकाळी अभयारण्याबाहेर ओळखीच्या वस्तीवर मुक्काम केला, कारण आम्हाला बघायचे होते विंचू, कोळी, साप.

अंधार पडला, दिवा लावला आणि किडे आले तसा त्यांच्या मागं कॅमल स्पायडर आला. बोटाएवढा, केसाळ, पुढं दोन मोठे जबडे आणि पळतोय तो थेट आमच्या पायाकडं! एकजण बाजेवरच चढला. वस्तीवरचे मामा म्हणाले, "काय करत नाही ओ ते, सावली बघून येतंय." खरंय ते. त्याला विष नसतं, तो खरा कोळीसुद्धा नाही, हातात धरला तर चावेल तेवढंच. मारू नका त्याला.

खरी भीती मामांनी काठीनं दगड उलटला तिथं होती. खाली तांबडा विंचू, नांग्या बारीक, काडीसारख्या. काळी, जाड नांग्यांची इंगळी बघून माणूस जास्त दचकतो, पण जिवावर बेततं ते या तांबड्यामुळं, त्यात लहान पोरांना जास्तच धोका. दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी भरून धाप लागते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि कितीतरी जीव वाचले, त्यामुळं उतारा मंतरण्यात वेळ घालवू नका. यूव्ही टॉर्च मिळाली तर जरूर न्या, अंधारात विंचू हिरवट निळा चमकतो, लांबनंच कळतो आणि दिसतो तर काय सुंदर!

दुसरं म्हणजे फुरसं, छोटा पण विषारी साप. जेमतेम फूट-दीड फूट, मातीच्याच रंगाचं. बांधाच्या कडेला आधी आवाज आला, करर्र करर्र, अंगावरचे खवले एकमेकांवर घासत वेटोळं फिरवत होतं, तोंड मधी आणि नजर आमच्यावर. तो आवाज ऐकला की आहे तिथंच थांबायचं, टॉर्च मारून ते कुठंय बघायचं आणि मगच हळू मागं सरकायचं. त्याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, म्हणून जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं यातलं काही करू नका. हातपाय न हलवता १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून सरळ सिव्हिल गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच लस चालते, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

मण्यारचं वेगळंच, ती रात्री झोपेत चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. म्हणून जमिनीवर झोपू नका, बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी पाहिजेच.

घोट्याच्या वर येणारे बूट घाला, सकाळी ते झटकूनच घाला, दगडाखाली हात घालू नका. उसात खसखस झाली तर आत डोकावू नका, पिलं असलेली रानडुकरीण सरळ अंगावर येते. दिव्याखाली हिंगे किडे अंगावर बसले तर चिरडू नका, फुंकर मारा, त्यांच्या रसानं कातडीला फोड येतात. आणि पोरं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी जादा टॉर्च घ्या, मोबाईलच्या उजेडावर माळावर फिरू देऊ नका.