ओमियाचे रेल्वे संग्रहालय आणि इंजिन क्रमांक १ : माझा अनुभव

तोक्योजवळच्या ओमिया येथील रेल्वे संग्रहालयात मी पहिल्यांदा गेलो तो वार मंगळवार होता, आणि मंगळवारी ते बंद असते. चौकशी न करता निघाल्याचा दोष सर्वस्वी माझा असल्यामुळे पुढच्या खेपेचे तिकीट आधीच काढून ठेवायचे ठरवले.

हे तिकीट ‘कोनबिनी’तल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या, यंत्रावर काढायचे होते. यंत्रावरचा सगळा मजकूर जपानी होता. तारीख आणि माणसांची संख्या निवडेपर्यंत फोनवरच्या भाषांतराने निभावले. मात्र नाव काताकाना लिपीतच हवे, यावर यंत्र अडून बसले आणि कुलकर्ण्यांचे ‘कुरुकारुनी’ झाले. शेवटी बाहेर आलेली चिठ्ठी हेच तिकीट समजून मी ती जपून घरी नेली. वास्तविक ती अर्ध्या तासाच्या आत गल्ल्यावर देऊन पैसे भरायचे असतात, तेव्हा कुठे तिकीट हाती पडते. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावरच्या मुलाने ती मुदत संपलेली चिठ्ठी दोन्ही हातांनी परत केली आणि माझ्यासोबत यंत्रापाशी येऊन सगळे पुन्हा करून दिले.

ओमियाहून न्यू शटल या छोट्या शहरी रेल्वेने एकच स्थानक गेले की संग्रहालय येते. १९६४ सालच्या पहिल्या शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, गोल नाकाचा डबा पाहायचा म्हणून मी गेलो होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळ गेला तो इंजिन क्रमांक १ पाशी. १८७२ साली शिम्बाशी आणि योकोहामा यांच्यामधली जपानची पहिली रेल्वे सुरू झाली, त्या वेळचे हे छोटेसे इंजिन इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत १८७१ साली तयार झाले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या आपल्या पहिल्या गाडीची इंजिनेही याच कारखान्यातली. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत, पण हात लावून पाहायला त्यांतले एकही उरलेले नाही.

जपानचे हे इंजिनही तसे हातचे गेलेच होते. १९११ साली ते नागासाकीकडच्या शिमाबारा रेल्वेला विकले गेले. पुढे त्याचे मोल ध्यानात आल्यावर सरकारने दुसरे इंजिन देऊन १९३० साली ते परत आणले. देताना शिमाबारा रेल्वेच्या अध्यक्षांनी त्याच्या अंगावर एक पाटी बसवली, ती आजही तिथेच आहे. पाटीवर मोठी अशी पाचच अक्षरे आहेत : ‘सेकिबेत्सु कान मुर्‍यो’, म्हणजे निरोपाचे दुःख मोजता येत नाही. भंगाराच्या भावात जाऊ शकणाऱ्या लोखंडाला कोणी असा निरोप दिला असेल, असे मला वाटले नव्हते.

इतक्यात दुपारचे बारा वाजले आणि दालनाच्या मध्यभागी फिरत्या चकतीवर उभ्या असलेल्या सी ५७ १३५ या इंजिनाची शिटी वाजली. जपानी राष्ट्रीय रेल्वेची वाफेवरची शेवटची नियमित प्रवासी गाडी याच इंजिनाने १४ डिसेंबर १९७५ रोजी होक्काइदोत मुरोरानहून इवामिझावाला ओढत नेली होती. शिटी इतकी मोठी होती की शेजारच्या बाबागाडीतले मूल दचकून रडू लागले. त्याचे आजोबा मात्र चकतीचा फेरा पूर्ण होईपर्यंत कठड्यावरचा हात न काढता इंजिनाकडेच पाहत होते.